सदाशिव पेठेतला गोष्टींचा क्लास: पैसे वसूल, पार्किंगच्या नावाने बोंब

इतिहासातल्या गोष्टींतून मुलांना निर्णय घ्यायला शिकवतो असं पोस्टरवर वाचलं तेव्हा म्हटलं झालं, अजून एक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवाला. पण तसं नाहीये. ताई गोष्ट सांगतात आणि बरोब्बर अडचणीच्या जागी थांबतात.

१६६५ चा पुरंदर घेतला होता, मिर्झाराजांचा वेढा, मुरारबाजी पडलेत, मुलूख जळतोय, आता बोला काय करणार. निम्मी पोरं लढायचं म्हणून ओरडली (अपेक्षितच), मग फळ्यावर दोन रकाने, आज हातात काय आहे आणि लढलो तर काय उरेल, आणि अट अशी की १६७० मध्ये गड परत घेतले हे कुणी मध्ये आणायचं नाही कारण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला २३ किल्ले दिले म्हणजे तहात हरलेच की, तर ताई म्हणाल्या मग १२ कशाला राखले ते सांग. आम्ही शाळेत हे आकडे नुसते घोकले राव.

त्याहून भारी १८९७ च्या प्लेगचा तास. रँडचे सोल्जर घरात घुसून झडती घेतायत, आजीला ताप आलाय, गाठ आलीये, सांगायचं की लपवायचं? एक मुलगी म्हणाली लपवू, कॅम्पात आजीजवळ कोण बसणार. शेजारचा म्हणाला मग वाड्यातल्या बाकीच्यांनी काय करायचं, आणि जुंपली दोघांची. ताईंनी मिटवलंच नाही! आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला तात्पर्य चिकटवायची जी खोड आहे ती इथे नाही.

पानिपतचा तास मात्र फसला. वेगळे सर आले होते, नुसता आवेश, भाऊसाहेबांचं कुठे चुकलं हे स्वतःच सांगून मोकळे. अहो रसद तुटलेली, सोबत यात्रेकरू, बायकापोरं, उपाशी थांबायचं की १४ जानेवारीला बाहेर पडायचं, एवढा आयता प्रश्न हातात होता.

हॉलमध्ये उकडतं, फी जरा जास्तच आहे, गाडी लांब कुठेतरी लावून चालत या. दहाच्या आतली मुलं कंटाळतील.

पुढे १९६१ चा पानशेतचा पूर आहे, तेव्हा घरच्यांनाही मागे बसू देणारेत. आमच्या सासूबाई येणार म्हणतायत, त्यांनी लहानपणी ते पाणी स्वतः बघितलंय, तेव्हा त्या दिवशी परीक्षा ताईंची.