हायब्रिड सायकल: गाडीची चावी उचलताना ज्यांचं मन खातं, त्यांच्यासाठी

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरून सातपूर-अंबडला एकट्यासाठी कार काढताना टोचणी लागत असेल, तर २१ गिअरची हायब्रिड सायकल, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली, घ्याच. मात्र पुढच्या सस्पेन्शनच्या (धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगच्या) मोहात पडू नका. ते वजन वाढवतं आणि चढावर पायांचा जोर खातं. साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि ७०० बाय ३५ चे, म्हणजे ३५ मिमी रुंद, टायर नाशिकच्या रस्त्यांना पुरतात.

हवा मागे साधारण ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), पुढे ५५; वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत गिअर हमखास घसरतात. सायकल खराब नसते, नवी केबल सैल पडलेली असते. मागच्या डिरेलरजवळ (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथला बॅरल (केबल ताणायचा छोटा गोल स्क्रू) घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवा, चाक उचलून पेडल मारा. चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढताना अजूनही अडखळली तर आणखी पाव फेरा.

खरी उणीव मडगार्ड-कॅरिअरची. बहुतेक मॉडेलवर ते येतच नाहीत. म्हणून दुकानात आधी मागच्या चाकाच्या नटाजवळ आणि सीटखाली बोल्टची भोकं आहेत का ते बघा. नसतील तर ती फ्रेम ऑफिससाठी घेऊ नका: लॅपटॉपची बॅग पाठीवरच राहील, आणि श्रावणात शर्टावर चिखलाची रेघ.

पावसात भिजलेली चेन त्याच संध्याकाळी पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा आणि वरचं तेल पुसून काढा.