व्हेन्लाफॅक्सिन की गॅबापेन्टिन?

पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, घामाने गाऊन भिजतो, आणि हार्मोनची गोळी चालत नाही (ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय वगैरे), तेव्हा डॉक्टर बऱ्याचदा या दोनपैकी एक देतात.

व्हेन्लाफॅक्सिन मुळात डिप्रेशनचं औषध, म्हणून चिठ्ठीवर नाव बघून बायका घाबरतात, पण इथे डोस कमी असतो, ३७.५ पासून सुरू करून ७५ मिग्रॅ, आणि फरक एक-दोन आठवड्यांत कळायला लागतो. टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर व्हेन्लाफॅक्सिनच बरी, कारण पॅरॉक्सेटिन (वाफांसाठी देतात ते डिप्रेशनचंच दुसरं औषध) टॅमॉक्सिफेनचा असर कमी करू शकतं. सुरुवातीला मळमळतं, बीपी वाढू शकतं, म्हणून बीपी मोजत राहायचं. आणि प्लीज, बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका गं, चक्कर येते, जीव घाबरा होतो, डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची.

गॅबापेन्टिन फिट्सचं औषध. झोप आणतं, त्यामुळे रात्री दोनला घामाघूम होऊन उठणारीला मी हेच आधी विचारायला सांगेन, साधारण ३०० मिग्रॅ झोपताना. पण सकाळी गुंगी राहते, स्कूटी चालवणारीने जपून. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो, तेवढं आधीच सांगा.