पलाऊचं अर्ध्या ग्रॅमचं सोन्याचं नाणं: घेण्याआधी काय बघाल

पलाऊ हा प्रशांत महासागरातला जेमतेम अठरा हजार वस्तीचा देश. तिथं व्यवहारात अमेरिकी डॉलर चालतो, त्यामुळे 1 डॉलर किमतीचं हे सोन्याचं नाणं तिथल्या बाजारात कुणी खर्चत नाही. पलाऊची अशी बरीच नाणी लिख्टेनश्टाइनची सीआयटी ही कंपनी काढते, संग्राहकांसाठीच. काम मात्र सुबक असतं.

वजन 0.5 ग्रॅम, व्यास 11 मिमी, शुद्धता 999.9 (हजारात). म्हणजे जाडी साधारण पाव मिलिमीटर! एवढ्या पातळ चकतीवर उठाव फार देता येत नाही. एकच चेहरा किंवा एकच प्राणी असेल तर नक्षी खुलते. इमारती, गर्दीचे प्रसंग भिंगाखालीही गिचमिड दिसतात. नक्षी निवडताना हे आधी बघा.

24 कॅरटचा भाव तोळ्याला (10 ग्रॅम) एक लाख धरला, तर नाण्यात सोनं फक्त 5,000 रुपयांचं. वरचे पैसे घडणावळ, डबी आणि विक्रेत्याचे. मोडायला गेलात तर सराफ सोन्याचाच भाव देणार. म्हणून नक्षी मनापासून आवडली तरच घ्या, शक्यतो दुसऱ्या संग्राहकाकडून, प्रमाणपत्रासह. सोनंच साठवायचं असेल तर एक दशांश औंसाचं (3.11 ग्रॅम) नाणं बरं, त्यात दर ग्रॅममागे वरखर्च कमी पडतो.

जाहिरातीत ‘सोन्याचा मुलामा’ किंवा 585 (14 कॅरट) लिहिलंय का, ते नीट वाचा. खरेपणासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा सहसा पुरतो: याच मापाचं मुलाम्याचं तांबं जेमतेम 0.23 ग्रॅम भरेल. वजन जुळवायचं तर चकती दुपटीहून जाड करावी लागते, ते डोळ्यांना कळतं. पाण्यात बुडवून घनता काढायच्या फंदात पडू नका; हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनात फरकच 0.026 ग्रॅमचा, एक बुडबुडा चिकटला की हिशेब चुकला. कॅरटमीटर (सराफाकडचं शुद्धता मोजायचं यंत्र) हाही पृष्ठभागापुरतंच सांगतो, जाड मुलामा त्याला फसवू शकतो.

नाणं बरोबर 11 मिमीच्या कॅप्सूलमध्येच (नाण्याच्या पारदर्शक कडक डबीत) ठेवा. सैल कॅप्सूलमध्ये ते हलतं आणि मऊ सोन्याची कड झिजते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटाचा चिकट थर चढला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. कापडाच्या एका फटकाऱ्याने आरशासारख्या भागावर कायमचे ओरखडे उठतात.