‘शुक्रवारी लिस्टिंग आहे’ या एका मेसेजवर माझे १,८०,००० रुपये गेले

भांडुपला आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाने मला टेलिग्रामवरच्या एका क्रिप्टो नाण्याच्या ग्रुपमध्ये घेतलं. “दादा, शुक्रवारी लिस्ट होतंय, आत्ताच घेऊन ठेवा.” मी एफडी मोडून ते नाणं घेतलं.

लिस्टिंगने, म्हणजे नाणं एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजारात) विक्रीला आल्याने, भाव चढतो हे खोटं नाही, म्हणूनच माणूस फसतो. मोठ्या एक्स्चेंजवर नाणं आलं की लाखो नव्या लोकांना ते सहज घेता येतं, मागणी वाढते. ही बातमी आधी कळण्याला केवढी किंमत आहे बघा: अमेरिकेत कॉइनबेस या मोठ्या एक्स्चेंजच्या एका मॅनेजरने ती आपल्या भावाला आणि मित्राला फोडली, २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. अशी बातमी अनोळखी माणसं मला फुकट का देतील, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी दादरच्या पुलावर कठड्याला टेकून मी मोबाइल बघत होतो. लिस्टिंग झालं, पण कधी नाव न ऐकलेल्या परदेशी एक्स्चेंजवर. चार मिनिटांत भाव तिप्पट. स्क्रीनवर ५,४०,००० रुपये! ग्रुपवर अ‍ॅडमिन ओरडत होता, “कोणी विकू नका, होल्ड करा.” मी त्या किमतीला विक्रीची ऑर्डर लावली, तर ती पूर्णच होईना. स्क्रीनवरचा आकडा हा फक्त शेवटच्या सौद्याचा भाव असतो. तेवढ्याला घेणारे पुढे उभे असतीलच असं नाही. खरेदीच्या बाजूला जेमतेम काही हजारांच्या ऑर्डरी होत्या. घाबरून मिळेल त्या भावाला सगळं काढलं, तेव्हा ११,००० हातात आले.

नंतर ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या व्यवहारांच्या वहीतल्या, नोंदी पाहिल्या. बहुतेक नाणी मोजक्या वॉलेटांत (नाणी ठेवायच्या खात्यांत) होती आणि लिस्टिंगच्या तासभर आधी एक्स्चेंजवर पोचली होती. त्यांना विकायला गिऱ्हाईक हवं होतं, ते आम्ही. वर हा तोटा करातही कुठे वजा होत नाही, दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा नाही. नफा झाला असता तर मात्र ३० टक्के भरावे लागले असते.

मला ग्रुपमध्ये घेणाऱ्याचेही चाळीस हजार बुडाले. जिन्यात भेटला की मान खाली घालतो. त्याच्यावर माझा राग नाही.

तो ग्रुप आता नव्या नावाने आलाय, “मंगळवारी लिस्टिंग” म्हणत. लिंक आली तर आधी सगळ्यांत मोठ्या दहा वॉलेटांत किती नाणी आहेत ते बघा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी लाजेपोटी सकाळपर्यंत थांबलो.