निकॉन डी३५०० की कॅनन १५००डी? पुण्यात पहिला डीएसएलआर घेणाऱ्यांसाठी

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो आणि दर वेळी हेच दोन कॅमेरे समोर असतात. दोन्ही २०१८ चे, दोन्हीत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, दोन्हीबरोबर १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी), दोन्हीची स्क्रीन ३ इंची आणि फिक्स, म्हणजे नुसतं हातात घेऊन बघितलं तर डोक्यात काहीच प्रकाश पडत नाही. निकॉनने डी३५०० बनवणं बंद केलंय, त्यामुळे तो आता बहुतेक सेकंडहँडच घ्यावा लागणार, कॅनन पण लोक सेकंडहँडच जास्त बघतात, तेव्हा तेच धरून लिहितोय. आणि हो, "आता डीएसएलआर कशाला, मिररलेस घे की" म्हणणारे चूक नाहीयेत (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला नवा प्रकार), पण मिररलेसच्या बजेटमध्ये इथे बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), झूम आणि एखादी प्राइम (झूम न होणारी लेन्स) बसते, म्हणून तो वाद इथे नको.

आधीच सांगून टाकतो, नुसती बॉडी बघितली तर डी३५०० उजवा आहे. तरीपण निम्म्या लोकांना मी १५००डी घ्या म्हणतो, त्याचं कारण लेन्सचं आहे, त्यावर येतोच.

आधी फोटो. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात पथक वाजवतंय, मागून रथाचा लाइट डोळ्यावर येतोय आणि ताशेवाल्याच्या तोंडावर फेट्याची सावली, हा फोटो डोळ्यापुढे आणा. रथ पांढरा फटक पडू नये म्हणून तुम्ही एक्सपोजर कमी ठेवता, मग चेहरा काळा येतो, आणि घरी येऊन रॉ फाइलमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) शॅडो, म्हणजे काळे भाग, वर ओढता. इथे डी३५०० खरंच भारी आहे, चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ वर येतो, गालावरचा गुलाल सुद्धा गुलालच दिसतो. १५००डी मध्ये तोच स्लायडर तेवढाच ओढला की काळ्या भागात जाड दाणे आणि रंगीत ठिपके यायला लागतात, जास्तच ओढलं तर पट्टे पण दिसतात. आयएसओचं (कमी प्रकाशात सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) पण तसंच, ३२०० पर्यंत दोघेही चालतात, ६४०० ला निकॉन अजून वापरण्यासारखा असतो. कॅननची नॉर्मल रेंजच ६४०० ला संपते, १२८०० हवं तर मेनूत जाऊन वेगळं चालू करावं लागतं. निकॉनवर २५६०० लिहिलंय ते मात्र ब्रोशरपुरतं समजा.

पण तुम्ही जेपीईजीच (कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारा फोटो) काढणार असाल, काढला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर हा फरक निम्म्याने कमी होतो. कॅननचे स्किनचे रंग थेट कॅमेऱ्यातून छान, जरा उबदार येतात, घरगुती कार्यक्रमात आत्या-मावश्यांना तेच आवडतात, त्यांना शॅडोचं काय करायचंय.

बॅटरीत तर तुलनाच नाही. स्टँडर्ड टेस्टच्या आकड्याप्रमाणे डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो देतो आणि १५००डी ५००. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, लक्ष्मी रोडवर मधेच चार्जिंग कुठे शोधणार, तेव्हा कॅनन घेतलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या, तो खर्च आधीच धरून चाला. वजनात पण निकॉन हलका, बॅटरी आणि कार्डसकट ४१५ ग्रॅम, कॅनन ४७५. साठ ग्रॅमने काही होत नाही म्हणाल, पण निकॉनची ग्रिप जास्त खोल आहे आणि झूम लावल्यावर ते हाताला बरोबर कळतं.

आता लेन्स, आणि इथे गाडी उलटी फिरते. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाहीये. म्हणजे ज्या निकॉन लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय त्यांचाच ऑटोफोकस चालणार, जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळाली म्हणून उचललीत तर ती बसेल छान पण फोकस हाताने फिरवत बसा. काकांच्या फिल्म कॅमेऱ्याची मॅन्युअल लेन्स कपाटात असेल तर तिच्यावर लाइटचं मीटर सुद्धा चालत नाही, मॅन्युअल मोडमध्ये अंदाजाने काढायचे (शिकायला मजा येते, पण लहान पोरं पळत असताना नाही). कॅननचा ईएफ माउंट (लेन्स बसवायची जागा) १९८७ चा, आणि त्यात पहिल्यापासून मोटर लेन्समध्येच आहे, त्यामुळे जुनी-नवी कुठलीही कॅननची ईएफ लेन्स १५००डी वर लावा, ऑटोफोकस चालणारच. त्याच्याही आधीच्या एफडी लेन्स मात्र बसतच नाहीत. शिवाय कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही सगळ्यात स्वस्त चांगल्या प्राइममध्ये मोडते, पोर्ट्रेटला मागचं मस्त ब्लर होतं, आणि सेकंडहँड बाजारात ती भरपूर फिरते. निकॉनला तसंच काम करायला ३५ एमएम एफ १.८ जी किंवा ५० एमएम एफ १.८ जी घ्यावी लागते, दोन्ही उत्तम, पण सहसा जरा महाग पडतात.

म्हणून मी आधी उलटा प्रश्न विचारतो, तुमच्या ओळखीत लेन्स कोणाकडे कुठल्या आहेत? पथकात, ऑफिसात, ट्रेकच्या ग्रुपमध्ये तीन जणांकडे कॅनन असेल तर तुम्हाला वर्षभर एक मॅक्रो (अगदी जवळून काढायची), एक टेली (लांबचं काढायची) फुकटात वापरायला मिळणार, ते सोडून शॅडो स्वच्छ येतात म्हणून निकॉन घेऊन एकटं पडण्यात काय हशील आहे. आणि कोणाकडेच काही नसेल, सगळं तुमचं तुम्हीच घेणार असाल, तर सरळ डी३५००.

भिगवणला फ्लेमिंगो किंवा कवडीपाटला सकाळी पक्षी, असलं डोक्यात असेल तर त्यातही माझं मत निकॉन. बर्स्ट (बटण दाबून ठेवलं की सलग निघणारे) सेकंदाला ५ फोटो, कॅननचा ३, आणि थवा उठतो तेव्हा तो फरक जाणवतो. ऑटोफोकसचे पॉइंट निकॉनमध्ये ११, कॅननमध्ये ९, पण दोघांतही क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारा) मधला एकच, तेव्हा उडत्या पक्ष्याला मधलाच पॉइंट लावा आणि बाकीचे विसरा. झूममध्ये निकॉनची ७०-३०० एएफ-पी घेताना नाव नीट वाचा, ती दोन प्रकारात येते, एकीच्या नावात व्हीआर आहे आणि एकीच्या नाही. व्हीआर म्हणजे हात हलला तरी सांभाळून घेणारी सोय, ३०० ला ती नसेल तर उजाडताना काढलेला प्रत्येक फोटो हललेला. लेन्सवर बटण नसतं त्याचं, त्यामुळे बघून कळत नाही, नावच वाचायचं. कॅननकडे ५५-२५० आयएस एसटीएम आहे (आयएस म्हणजे कॅननचं व्हीआर), ती पण फार गोड लेन्स आहे, रेंज थोडी कमी इतकंच.

शिकायला कुठला सोपा? निकॉनमध्ये गाइड मोड आहे, स्क्रीनवर विचारत विचारत सेटिंग लावून देतो, सुरुवातीचे काही दिवस लोक वापरतात मग बंद. त्यापेक्षा बटणं बघा. कॅननला मागच्या चार बाणांतल्या वरच्या बाणावर आयएसओ लिहिलंय, दाबलं की झालं. डी३५०० वर आयएसओचं वेगळं बटण नाही, आय लिहिलेलं बटण दाबा, स्क्रीनवर जा, निवडा. देवळाच्या मंडपातून उन्हात आणि उन्हातून परत आत असं चालू असलं की त्या एका बटणाची किंमत कळते. मॅन्युअल मोडमध्ये डायल दोघांनाही एकच, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक) बदलायला प्लस-मायनसचं बटण दाबून धरून डायल फिरवायची, निकॉनची डायल अंगठ्याखाली आणि कॅननची तर्जनीखाली, सवयीचा भाग आहे.

अंधारात फोकस घेताना निकॉन पुढचा छोटा दिवा लावतो, १५००डी मात्र आतला फ्लॅशच फडफडवतो. नाटकाला किंवा गाण्याच्या बैठकीत ते केलंत तर शेजारचे काका तुम्हाला पुणेरी शब्दांत समजावतील, दोघांतही ते मेनूतून बंद करता येतं, आधीच करून जा. आणि बाहेरचा फ्लॅश वापरायचा असेल तर १५००डी च्या हॉटशूमध्ये (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच नाहीये, त्यामुळे साधे स्वस्तातले मॅन्युअल फ्लॅश आणि बरेचसे ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश उडवणारे) त्यावर चालतच नाहीत. ज्यांना घरी प्रॉडक्टचे किंवा खाण्याचे फोटो फ्लॅश लावून काढायचेत त्यांनी माझ्या मते इथेच कॅननवर फुली मारावी.

मोबाईलवर फोटो घ्यायला कॅननमध्ये वायफाय आहे, फोनवर समोरचं चित्र बघत तिथूनच क्लिक करता येतं, ट्रायपॉडवर ठेवून फॅमिली फोटो काढायला एकदम सोयीचं. डी३५०० ला वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ, त्यावरून २ मेगापिक्सेलचे छोटे जेपीईजी आपोआप फोनवर येत राहतात, स्टेटसला पुरतात, पण पूर्ण साइजसाठी कार्ड काढून रीडर लावा.

व्हिडिओचं थोडक्यात, रील्स करायच्या असतील तर दोन्ही घेऊ नका. माइक लावायला जागा दोघांतही नाही, स्क्रीन वळत नाही, ४के नाही. त्यातल्या त्यात निकॉन फुल एचडी ६० फ्रेम देतो आणि एएफ-पी किट लेन्स फोकस करताना आवाज करत नाही.

सेकंडहँड घेताना निकॉनचं एक बरं आहे, विकणाऱ्याला म्हणायचं आत्ता एक फोटो काढ आणि ओरिजिनल फाइल दे, शटर किती वेळा पडलंय तो आकडा फाइलमध्येच लिहिलेला असतो, फुकटच्या साइटवर लगेच दिसतो. कॅननच्या फाइलमध्ये तो नसतो, वायर लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, तेव्हा लॅपटॉप घेऊन जा किंवा शब्दावर विश्वास ठेवा. लेन्स कुठल्याही कंपनीची असो, मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये फंगस हमखास धरतं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेच्या कडेला दिसतात, दिसले की कितीही स्वस्त असली तरी परत द्या. सेन्सरवरचा कचरा बघायला एफ २२ ला (लेन्सचं भोक अगदी बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा, काळे डाग दिसतील. थोडे डाग साफ करून जातात, त्यासाठी किंमत पाडून मागा, कारण सेन्सर आपोआप झटकायची सोय या दोन्ही कॅमेऱ्यांत नाही. आणि घेतल्यावर मिरवणुकीत गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका, घरून निघतानाच ठरवा आज कुठली लावायची ती.