अर्थिंगच्या खड्ड्यात आम्ही महिनाभर पाणी ओतलं

इंदूरला सुदामानगरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. गेल्या उन्हाळ्यात मशीन वाढवून ४० केली, तेव्हा रॅकमध्ये, म्हणजे लोखंडी कपाटात, २४ पोर्टचे दोन नेटवर्क स्विच (सगळी मशीन एकमेकांना जोडणारे डबे) बसवायचे ठरले. स्विच विकणारे म्हणाले, जागा तुम्ही तयार ठेवा, आमचा माणूस येऊन जोडून जाईल. जागा म्हणजे रॅक, नेटवर्कची केबल, विजेची वेगळी लाइन आणि अर्थिंग, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी तार.

आमच्या गणपती मंडळातलाच एक ठेकेदार होता. मराठी माणूस, आल्या आल्या आईच्या पाया पडला. १ लाख ८५ हजारांत सगळं, सत्तर टक्के आधी. पावती मागितली तर म्हणाला, "काका, घरातल्या माणसाकडून पावती?" तिथेच उठायला हवं होतं.

दिसणारं काम त्याने झकास केलं. १९ इंची रॅक ओळंब्यात उभा, पंखे वर, प्रत्येक केबलला नंबर. अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यावर सिमेंटचं चौकोनी झाकण बसवलं. बिलात होती ६० बाय ६० सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाड तांब्याची प्लेट, खड्ड्यात पुरायची. मग मल्टिमीटर लावून त्याने न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थमधला व्होल्टेज दाखवला: शून्य! "याहून चांगलं अर्थिंग इंदुरात दाखवा." जाताना बजावून गेला, उन्हाळा आहे, खड्ड्यात रोज पाणी घालत जा. आई रोज सकाळी दोन बादल्या घालायची.

स्विचवाल्यांचा इंजिनिअर आला, त्यानेही मीटर लावला. मशीन, एसी सगळं चालू, तरी शून्य. आम्ही खूष, तो मात्र गप्प. लोड चालू असताना न्यूट्रलवर थोडा तरी व्होल्टेज दिसतोच, अगदी शून्य म्हणजे दोन्ही तारा जवळच कुठेतरी एकत्र बांधल्यात, असं त्याचं म्हणणं. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर अर्थची हिरवी तार सरळ न्यूट्रलच्या पट्टीवर कसलेली. बाहेर खड्ड्याकडे गेलीच नव्हती! न्यूट्रल कधी मागे कुठे तुटला असता तर रॅकचा सगळा पत्रा करंट घेऊन उभा राहिला असता, आणि तिथे मुलांची ये-जा. त्याने स्विच खोक्यातून काढलेच नाहीत.

झाकण काढून खणलं. प्लेटचा वरचा काठ जमिनीखाली किमान दीड मीटर असावा लागतो. इथे हातभर खाली विटांचे तुकडे आणि मूठभर मीठ-कोळसा. माळव्याची काळी माती ती, खणायलाही फार कष्ट नव्हते. एवढी प्लेट साडेनऊ किलोच्या आसपास भरते, म्हणजे पैसे कुठे वाचले ते कळलंच.

मग केबलवरही संशय आला. तुकडा कापून तार ब्लेडने खरवडली तर लाल मुलाम्याखाली पांढरी. ॲल्युमिनियम! असली केबल कॅट-६च्या, म्हणजे बिलातल्या नेटवर्क केबलच्या दर्जाच्या, मानकात बसतच नाही, आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज द्यायची म्हटलं तर जास्त तापते. फोन केला तर ठेकेदार म्हणतो, "कोटेशनमध्ये शुद्ध तांबं लिहिलंय का कुठे?" नव्हतं लिहिलेलं. नुसतं 'कॅट-६' होतं.

दुसऱ्या वेळी मी कोटेशनमध्ये 'शुद्ध तांबे' लिहून घेतलं, पेटी जेल रोडवरून स्वतः आणली आणि भिंतीत जाण्याआधी खरवडून पाहिली. खड्डा बुजेपर्यंत खुर्ची टाकून बसलो. टेप लावून फोटो काढले, अर्थ टेस्टरचं रीडिंग कागदावर सहीसकट घेतलं. बोर्ड मात्र स्वतः उघडू नका, जाणता इलेक्ट्रिशियन बोलवा. उरलेले तीस टक्के मी दिले नाहीत. आधीचे मिळतील असं वाटत नाही.

त्या जुन्या खड्ड्याशेजारी कढीपत्ता आहे. आई म्हणते, यंदा असा फोफावलाय, कधी नव्हे तो.