गावच्या भांडणातला गुन्हा: तडजोड, हायकोर्ट, खटला की दंड?

शिमग्यात पालखीच्या मानपानावरून किंवा पाणंदीच्या हद्दीवरून हाणामारी होते, दोन्हीकडून फिर्यादी पडतात आणि दहा-बारा जणांची नावं लागतात. काही वर्षांनी त्यातल्याच एकाला बोटीवर नोकरीला जायचं असतं, दुसरा पोलीस भरतीला उभा राहतो, आणि नाव काढायचं कसं हा प्रश्न तेव्हा येतो. आपल्याकडे प्रौढ माणसाच्या अटकेची नोंद सरसकट पुसून टाकणारा कायदा नाही. त्या नोंदीपुढे निकाल काय लिहिला जातो, एवढंच आपल्या हातात आहे.

ही नोंद तीन ठिकाणी दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार एफआयआर साधारण 24 तासांत ऑनलाइन टाकावी लागते (लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून). राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती शेजाऱ्यालाही वाचता येते. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की खटला सापडतो, आणि निकालानंतरही तो ‘निकाली’ या सदरात दिसतो. तिसरं ठिकाण पोलिसांचं स्वतःचं रेकॉर्ड. ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या अधीक्षक कार्यालयातून चारित्र्य पडताळणी निघते ती त्यावरून. नोकरीसाठी खरं महत्त्व याचं. पोर्टलवरची एफआयआर कोण वाचेल याची धास्ती लोक उगाच जास्त घेतात.

तालुका कोर्टातली तडजोड

सर्वांत स्वस्त आणि जलद. साधी दुखापत (जुन्या दंड संहितेचं 323, आता न्याय संहितेचं 115(2)) आणि शिवीगाळ (जुनं 504, आता 352) ही कलमं फिर्यादी तयार असेल तर मिटतात. जखमी आणि आरोपी यांच्या सह्यांचा तडजोड अर्ज द्यायचा. कोर्टाने तो मान्य केला की कायद्याने परिणाम निर्दोष सुटकेचाच.

घोडं अडतं ते कलमांच्या यादीत. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर ठीक, पण गावकीच्या भांडणात बेकायदा जमाव आणि दंगा (जुनी 143, 147) हमखास लागतात, आणि ती तडजोडीत मिटत नाहीत. सरकारी नोकरावर हात टाकल्याचं जुनं 353 ही नाही, कोयत्याने किंवा तशा हत्याराने दुखापत केल्याचं जुनं 324 ही नाही. मग 323 मिटलं तरी खटला चालूच राहतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्राची प्रत घेऊन प्रत्येक कलम तपासा. एफआयआरवर भिस्त ठेवू नका, कारण तपासात कलमं वाढतात.

हायकोर्टात गुन्हा रद्द

तडजोडीत न बसणारी कलमं असतील तर हा मार्ग. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 528. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईऐवजी आंबा किंवा गगनबावड्याचा घाट चढायचा. रायगड-पालघरवाल्यांना मुंबईच.

लागतं काय: एफआयआर, दोषारोपपत्र दाखल असेल तर ते, आणि फिर्यादीसह जखमींची संमतीची प्रतिज्ञापत्रं. कोर्ट सहसा फिर्यादीला ओळखपत्रासह समोर बोलावून संमती खरी आहे का ते विचारतं, आणि काही वेळा एखाद्या संस्थेत रक्कम भरायलाही सांगतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत नुसत्या संमतीवर रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली ज्ञान सिंग प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे.

इथे दोन गोष्टी बिघडतात. अर्जात ज्यांची नावं, फायदा त्यांनाच. मुंबईला असलेला चुलतभाऊ वगळला तर त्याच्यावर खटला तसाच राहतो. आणि परस्परविरोधी गुन्हे असतील तर दोन्हींसाठी अर्ज एकाच वेळी करावेत. आपला रद्द झाला की समोरचा पुढच्या तारखेला संमती देईलच याची खात्री कुणी देऊ नये.

खटला लढवणं

वेळ जातो, पण पुरावाच नसेल तर हा निकाल सर्वांत भक्कम. आधी दोषमुक्तीचा, म्हणजे साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच सुटकेचा, अर्ज करता येतो. नव्या संहितेत त्याला कागदपत्रं मिळाल्यापासून (सत्र न्यायालयात प्रकरण वर्ग झाल्यापासून) 60 दिवसांची मुदत आहे. पोलीस भरतीत ‘ससन्मान निर्दोष’ आणि ‘साक्षीदार फितूर झाल्याने निर्दोष’ यांत फरक केला जातो, म्हणून वर्दीची नोकरी हवी असेल तर मी तरी तडजोडीपेक्षा हा किंवा हायकोर्टाचा मार्ग आधी तपासेन.

कबुली देऊन दंड

टाळा. जुगार किंवा दारूबंदीच्या प्रकरणात, कधी लोकअदालतीच्याच दिवशी चालणाऱ्या मोहिमेत, ‘पाचशे भर आणि सुट’ असं सांगितलं जातं. माणूस समजतो मिटलं. कागदावर मात्र तो दोषी ठरलेला असतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘शिक्षा झाली आहे का’ याला ‘होय’ लिहावं लागतं. दोष शाबीत होणारच असेल तर निदान 1958 च्या परिवीक्षा (चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याच्या) कायद्याखाली सुटका मागा. त्याच्या कलम 12 मुळे शिक्षेपायी येणारी अपात्रता लागत नाही, दोषसिद्धी मात्र राहते.

सणाच्या तोंडावर निघालेली चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई, ही शिक्षा नव्हेच. तहसील किंवा प्रांत कार्यालयातून प्रकरण बंद झाल्याच्या आदेशाची नक्कल घेऊन ठेवा, पुरे. गुन्हा घडला तेव्हा अठराच्या आत असाल तर बाल न्याय कायद्याच्या कलम 24 खाली अपात्रता लागत नाही आणि नोंदी ठरल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून चाललेली प्रकरणं वेगळी.

पोलिसांनी ‘फाइल बंद केली’ म्हटलं तर विचारा कोणती समरी (तपास बंद करण्याचा अहवाल): अ म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी वाद. आणि ती दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केली का? मंजुरी नसेल तर काहीच बंद झालेलं नाही.

निकाल कोणताही लागो, नक्कल विभागातून तीन प्रमाणित प्रती काढा: एक पोलीस ठाण्याला, एक अधीक्षक कार्यालयाला, पोच घेऊन, तिसरी घरी. कोर्टाचा निकाल पोलिसांच्या संगणकात आपोआप चढेलच असं नाही, आणि पडताळणीत ‘प्रलंबित’ येतं ते बहुतेक यामुळे. आधी शिक्षा नसेल आणि अंतिमतः निर्दोष सुटला असाल तर बोटांचे ठसे व मोजमापांची नोंद नष्ट करण्याची तरतूद 2022 च्या ओळख कायद्यात आहे. प्रती देताना अर्जात तेही लिहा.

पासपोर्टला मात्र निकालापर्यंत थांबायची गरज नाही. फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणा; आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एका वर्षाचाच मिळतो, म्हणून वकिलांना मुदत स्पष्ट मागायला सांगा. खटला लपवून काढलेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो.